जाहिरात, टीआरपी आणि आपल्या मराठी मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकोणीस वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिले. आता लिहिणं कमी केलंय आणि बोलायला जास्त जाते. कधी दादरच्या वाचनालयात, कधी मुलुंडच्या महिला मंडळात, कधी एखाद्या कॉलेजात. भाषण संपलं की हात वर होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. खुर्च्या उचलायला लोक थांबलेले असतात, त्यामुळे उत्तरं अर्धवट राहतात. ती इथे सवडीने देते आहे.

जाहिराती आल्या आणि टीव्ही बिघडला, इतकंच ना?

नाही. ज्या काळाची आठवण निघाली की सगळे हळवे होतात, तो काळ जाहिरातींच्याच पैशावर उभा होता. ७ जुलै १९८४ला ‘हम लोग’ सुरू झाली, तिचा प्रायोजक झटपट नूडल्स विकणारी कंपनी होती. ‘बुनियाद’, ‘नुक्कड’, ‘ये जो है जिंदगी’, ‘रामायण’, ‘महाभारत’ या सगळ्यांच्या आगेमागे साबण, पावडरी, टूथपेस्ट होत्याच. अमेरिकेत तर अशा मालिकांना ‘सोप’ हे नावच साबण कंपन्यांमुळे पडलं, तेही रेडिओच्या जमान्यात.

माझं म्हणणं असं आहे : जाहिरातीच्या पैशाने कार्यक्रम बिघडत नाहीत. तो पैसा दर आठवड्याला मोजून यायला लागला आणि गोष्टीला शेवट असण्याची गरज उरली नाही, तेव्हापासून ते बिघडत गेले. खालची बरीचशी उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर जाहिराती नव्हत्या, हे खरं का?

खरं आहे. वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६पासून. मधली तीन वर्षं पडद्यावर काहीही विकलं जात नव्हतं. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ होतं, मुलांसाठी ‘किलबिल’, आणि ‘गजरा’ची तर आमच्या गिरगावच्या चाळीत वाट पाहिली जायची. चाळीत टीव्ही एकच होता. ज्यांच्या घरी तो होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि उशिरा आलेल्याला गॅलरीतून, खिडकीच्या गजांमधून पाहावं लागे.

पण तो काळ निर्मळ होता असं मी म्हणणार नाही. वाहिनी सरकारची होती. बातम्यांत मंत्र्यांची उद्घाटनं असायची आणि १९७५च्या आणीबाणीत सरकारला नको असलेलं काहीच दिसत नव्हतं. जाहिरातदार नसला म्हणजे कार्यक्रमावर कोणाचाच हात नसतो, असं नाही.

मग तेव्हाचा प्रायोजक आणि आजचा जाहिरातदार यांत फरक काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं लांबण लावते.

प्रायोजित मालिकेची पद्धत अशी होती. निर्माता कथा घेऊन दूरदर्शनकडे जायचा. मंजुरी मिळाली की प्रायोजक निर्मितीचा खर्च उचलायचा, दूरदर्शनला प्रक्षेपणाचं शुल्क भरायचा आणि त्याबदल्यात त्याला जाहिरातींसाठी ठरावीक सेकंद मिळायचे. मंजुरी बहुधा तेरा भागांची असायची. गाडी चांगली चालली तर आणखी तेरा. म्हणजे लेखक लिहायला बसायचा तेव्हा त्याला माहीत असायचं की आपल्याकडे तेरा आठवडे आहेत. तेराव्या भागात काय होणार हे ठरवूनच तो पहिला भाग लिहायचा. प्रायोजकाने मालिका अख्खी विकत घेतलेली असे. तिसऱ्या भागात प्रेक्षक थोडे कमी झाले म्हणून चौथ्या भागात नायिकेची स्मृती जायची नाही.

‘हम लोग’चंच बघा. तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री वसंत साठे मेक्सिकोला गेले होते. मनोरंजनातून समाजशिक्षण करणाऱ्या तिथल्या मालिका पाहून तसं काही आपल्याकडे करावं, असं त्यांनी मनावर घेतलं. पहिले काही भाग कुटुंबनियोजनाचा उपदेश करत राहिले, लोकांना ते आवडलं नाही, आणि मग मालिकेचे लेखक मनोहर श्याम जोशींनी कथेचा रोख कुटुंबाच्या सुखदुःखाकडे वळवला. प्रेक्षकांचं ऐकलं गेलं, पण गोष्ट हातातून सुटली नाही. १५६ भाग झाले आणि डिसेंबर १९८५मध्ये मालिका संपली.

आज जाहिरातदार मालिका विकत घेत नाही, तो तुमची नजर विकत घेतो. अमुक वयाच्या, अमुक उत्पन्नगटातल्या इतक्या बायकांच्या डोळ्यांसमोर माझी दहा सेकंदं गेली पाहिजेत, एवढंच त्याला हवं असतं. त्या दहा सेकंदांच्या आधी पडद्यावर काय होतं, याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही. मालिका म्हणजे त्या नजरा जागेवर धरून ठेवायचं साधन होऊन बसते.

जुन्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत. मंजुरीसाठी महिनोन्‌महिने पायऱ्या झिजवाव्या लागत. ओळखीपाळखी चालत. कित्येक चांगल्या संहिता फायलींत पडून राहिल्या.

टीआरपी म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर कधी कोणी विचारायला आलं नाही.

टीआरपी म्हणजे कोणता कार्यक्रम किती लोक बघतात त्याचा आकडा, आणि तो निवडक घरांत मोजतात. तुमच्याकडे कोणी येणारही नाही बहुधा. देशात टीव्ही असलेली घरं २०२०च्या सुमारास २१ कोटींच्या आसपास होती आणि मोजणीचं यंत्र ४४,००० घरांत बसवलेलं होतं. म्हणजे साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक. हे काम बार्क ही संस्था करते, तिचं मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे. २०१५पासून तिचे आकडे येतात, त्याआधी टॅम या दुसऱ्या संस्थेचे यायचे.

प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. घरातलं यंत्र ती खूण ओळखतं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी रिमोटवर वेगळं बटण असतं आणि टीव्हीसमोर बसलं की आपापलं बटण दाबायचं, अशी अपेक्षा असते. मिनिटामिनिटाची नोंद होते. दर गुरुवारी आकडे येतात. सेटवर गुरुवारी सकाळपासून सगळ्यांचे चेहरे ताणलेले असतात, अगदी स्पॉटदादांपासून.

पावणेपाच हजारांत एक घर म्हणजे फसवणूक, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते, मात्र शीत नीट निवडलेलं हवं. लहान वाहिन्यांच्या बाबतीत शितंच इतकी कमी पडतात की दोन-चार घरांनी चॅनल बदललं तरी आकडा हलतो. घरं कोणती ते बाहेर कळलं तर पैसे चारून आकडे वाढवता येतात. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी नेमक्या अशाच आरोपांची चौकशी सुरू केली होती.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. यंत्र फक्त टीव्ही कुठल्या वाहिनीवर चालू होता ते सांगतं. तुम्ही पोळ्या लाटता लाटता कान देत होता, की डोळ्यांतलं पाणी पुसत होता, हे त्याला दिसत नाही. दोन्हींचा आकडा सारखाच. मग जी गोष्ट पोळ्या लाटताना पाठ फिरवूनही कळते, तीच बनवणं सोपं आणि स्वस्त ठरतं. एकच वाक्य तीनदा का बोललं जातं, प्रत्येक चेहऱ्यावर ढणढणाट करून कॅमेरा का जातो, याचं उत्तर यात आहे.

मालिका संपत का नाहीत?

कारण चालणारी मालिका संपवणं हे वाहिनीच्या दृष्टीने भरलेलं दुकान बंद करण्यासारखं आहे. नवी मालिका रुजायला महिने लागतात, सेट उभारायला खर्च येतो, प्रोमो करावे लागतात, आणि ती पडण्याचीच शक्यता जास्त. जुनी मात्र सवयीने बघितली जाते. ‘चार दिवस सासूचे’ २००१पासून २०१३पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवते. रोजची मालिका खासगी वाहिन्यांनी आणली असा समज आहे, पण हिंदीत १९९४मध्ये ‘शांती’ आली ती दूरदर्शनवर आणि मराठीत ‘दामिनी’ही दूरदर्शनवरच. खासगी वाहिन्यांनी त्या प्रकाराला साप्ताहिक आकड्यांची जोड दिली. ३ जुलै २०००ला ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि पुढची आठ वर्षं तिने साऱ्या देशाला रोज रात्रीची सवय लावली. त्यानंतर मराठीतही आठवड्यातून एकदा येणारी मालिका हळूहळू दिसेनाशी झाली.

शेवट ठरलेला नसला की लेखनाचं काय होतं, ते मी हाताने केलंय. पात्राला शहाणपण येऊ द्यायचं नाही, कारण ते आलं की भांडण मिटतं. सत्य कोणालातरी कळतंय असं वाटलं की त्याला अपघात होतो. गोष्ट पुढे जात नाही, नुसती लांबते. माझ्या सासूबाई एका मालिकेतल्या कटकारस्थानी जावेबद्दल मला म्हणाल्या होत्या, “अगं, तिला सुधरव तरी नाहीतर मार तरी. मला आता तिचा कंटाळा यायला लागलाय, आणि तुमचं काही ठरत नाहीये.” त्यांना ती मालिका माझी नव्हे हे ठाऊक होतं, पण लेखकांच्या जातीला बोलल्यासारखं त्या मला बोलत होत्या. बरोबरच बोलत होत्या.

लेखकांना हे कळत नाही का? तुम्हीच का नाही थांबवलंत?

कळतं. थांबवायचा प्रयत्नही होतो.

एका मालिकेत मी एक प्रसंग लिहिला होता. आई आणि लग्न मोडून परत आलेली मुलगी मेथी निवडत बसल्यात. आई काही विचारत नाही. फक्त मुलीच्या वाट्याची जुडी हळूच आपल्याकडे ओढून घेते. चार मिनिटांचा सीन, दोघी नट्यांनी जीव ओतून केला. सेटवर शॉट संपल्यावर कोणी बोललं नाही बराच वेळ. गुरुवारी मिनिटांचा आलेख आला, त्यात त्या चार मिनिटांत रेघ खाली गेली होती. वाहिनीच्या बैठकीत सांगितलं गेलं की शांत सीन नकोत, मुलीच्या नवऱ्याला परत आणा आणि आठवडाभरात अपहरणाचा ट्रॅक लावा. मी वाद घातला. त्या बैठकीतली दोन माणसं मनातून माझ्या बाजूची होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. अपहरण झालंच.

आणि वेळेचं गणित समजून घ्या. फिल्मसिटीत, मढला, नायगावला किंवा घोडबंदर रोडवर बारा तासांची शिफ्ट चालते. एका भागात साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि रोज जवळपास तेवढं चित्रित व्हायलाच हवं. हाताशी आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक नसेल तर सकाळी लिहिलेला सीन दुपारी चित्रित होतो आणि दुसऱ्या रात्री तुमच्या घरात दिसतो. संवाद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जातात, नट मेकअपच्या खुर्चीतच पाठ करतात. शिवाय कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येण्याची रीत. घराचे हप्ते भरणारा लेखक अशा वेळी किती ताणून धरणार? मराठी रंगभूमीवरून आलेले उत्तम नट या चक्रात पाहिले की माझा जीव तुटतो. नाटकाला महिनाभर तालीम करणाऱ्या माणसाला इथे वीस मिनिटं मिळतात.

एका तासात किती जाहिराती दाखवता येतात? काही नियम आहे की नाही?

आहे. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला बारा मिनिटांहून जास्त नाही : दहा मिनिटं जाहिराती आणि दोन मिनिटं वाहिनीची स्वतःची जाहिरात. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१२-१३मध्ये त्याची कडक अंमलबजावणी करायचं ठरवलं तेव्हा प्रसारक न्यायालयात गेले. घड्याळ लावून बसलात तर तुमचं तुम्हालाच उत्तर मिळेल.

लेखनावर याचा परिणाम असा की प्रत्येक ब्रेकच्या आधी एक धक्का लागतो, म्हणजे तुम्ही रिमोट उचलणार नाही. अर्ध्या तासात असे तीन-चार धक्के. खऱ्या आयुष्यात इतके धक्के वर्षभरात बसत नाहीत, म्हणून मग खोटे तयार करावे लागतात : दार उघडतं, सगळे वळून बघतात, ब्रेक, आणि परत आल्यावर दारात दूधवाला असतो.

जाहिराती नकोत तर पैसे कुठून आणायचे? परदेशात काय करतात?

ब्रिटनमध्ये बीबीसी घरटी परवानाशुल्कावर चालते. आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीला परवाना लागायचा, तो ऐंशीच्या दशकात रद्द झाला. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७मध्ये स्वायत्त झाली खरी, पण पैशासाठी सरकारचं अनुदान आणि जाहिराती या दोन्हींकडे बघत राहिली.

मला बीबीसीपेक्षा चॅनल फोरचं उदाहरण जास्त शिकवून जातं. ब्रिटनमध्ये १९५५पासून आयटीव्ही ही जाहिरातींवरची वाहिनी होती, आणि १९६२च्या पिल्किंग्टन समितीने तिच्या कार्यक्रमांवर उथळपणाचा ठपका ठेवला होता. १९८२मध्ये चॅनल फोर सुरू झालं तेही जाहिरातींच्याच पैशावर. मात्र आपल्या जाहिराती विकण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. १९९३पर्यंत ते आयटीव्हीच्या कंपन्या करत आणि चॅनल फोरला ठरलेली रक्कम देत. वेगळं, नवं, दुर्लक्षितांचं असं काही दाखवायचं हे बंधन कायद्यातच होतं. कार्यक्रम ठरवणारा माणूस आणि वेळ विकणारा माणूस एका टेबलावर बसत नव्हते. पैसा तोच, पण मधे भिंत. माझ्या मेथीच्या सीनसाठी मला अशी एक भिंत हवी होती.

आकाशातल्या लहरी तर सरकारच्या ना?

जनतेच्या. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेला खटला होता आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. सरकारची मक्तेदारी मोडून ती मूठभर धनवानांच्या हातात जाऊ नये, ही काळजीही त्या निकालात आहे. पहिला भाग सगळ्यांना आठवतो. दुसरा कोणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खासगी वाहिन्यांनी काहीच चांगलं केलं नाही का?

केलं, बरंच केलं. १९९९मध्ये अल्फा मराठी आली, २०००मध्ये ई टीव्ही मराठी, २००८मध्ये स्टार प्रवाह. त्याआधी मराठी कार्यक्रमांना दूरदर्शनवर संध्याकाळचे मोजके तास होते. या वाहिन्यांमुळे नट, लेखक, तंत्रज्ञ, वेशभूषाकार अशा असंख्य घरांत चूल पेटली, माझ्याही. ‘आभाळमाया’ पाहताना आपल्या ओळखीच्या माणसांची गोष्ट पाहतोय असं वाटायचं. २०१२मध्ये झी मराठीवर रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची ‘उंच माझा झोका’ आली, जाहिराती होत्या, आकडेही होते, आणि पुढच्या वर्षी ती संपली. तिला संपावंच लागणार होतं, आयुष्य ठरलेलं होतं. चरित्रावरच्या मालिका पुष्कळदा उजव्या ठरतात, त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

मुलांसाठी मराठीत काही का नाही?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त राग येतो. दक्षिणेतल्या चार भाषांत मुलांच्या स्वतंत्र वाहिन्या निघाल्या. आपलं मूल मात्र बहुतेकदा हिंदीतली कार्टून बघत वाढतं आणि आजीशी बोलताना “मेरेको दे” म्हणतं. मुलांच्या कार्यक्रमाला मिळणारी जाहिरात मर्यादित, प्रेक्षक एका राज्यापुरता, आणि तीच संध्याकाळची वेळ मालिकेला दिली तर कैक पट पैसा. हिशोबाने बघितलं तर ‘किलबिल’ कधीच सुरू झालं नसतं. ते सुरू झालं, कारण मुलांसाठी काहीतरी असलंच पाहिजे असं वरळीत बसलेल्या माणसांना वाटलं आणि त्यांना दर गुरुवारी कोणी जाब विचारत नव्हतं.

बातम्यांवरही हाच परिणाम झाला का?

जास्त झाला. बातमी गोळा करायला बातमीदार जिल्ह्यात पाठवावा लागतो, तो महाग. स्टुडिओत चार जणांना भांडायला बसवणं स्वस्त आणि आकड्यांना चांगलं. ऑक्टोबर २०२०पासून मार्च २०२२पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद होते. तरी आवाज कमी झाला नाही, तोवर सवय हाडीमाशी भिनली होती.

लोकांनाच हे आवडतं, त्याला वाहिनी काय करणार?

लोकांना जे रात्री आठ वाजता समोर आहे त्यातलं त्यातल्या त्यात बरं आवडतं. दिवसभर लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास करून आलेल्या बाईने अर्धा तास डोकं बाजूला ठेवलं, तर तिला अभिरुची नाही म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हीच बाई रविवारी शिवाजी मंदिरला तिकीट काढून नाटक बघते आणि फसलेला दुसरा अंक नेमका कुठे फसला ते नाटक संपल्यावर सांगते.

ओटीटीमुळे हा प्रश्न सुटला का?

शेवट परत आला, हे फार मोठं. आठ-दहा भागांचा सीझन लिहिताना लेखकाला पुन्हा ठाऊक असतं की कुठे पोचायचंय. पण मराठीसाठी तिथे पैसा हात राखूनच निघतो, आणि मोजणी आणखी बारीक झाली आहे : तुम्ही कुठे थांबलात, कुठे पुढे ढकललंत, सगळं कळतं.

आम्ही काय करू शकतो?

मालिका आवडेनाशी झाली तर बंद करा. सवयीने चालू ठेवू नका. कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर बीसीसीसी या प्रसारकांच्या तक्रार समितीकडे आणि जाहिरातीबद्दल असेल तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईतल्याच ‘आस्की’ या संस्थेकडे लेखी करता येते. २०१९पासून वाहिन्या सुट्या निवडून घेता येतात, तेव्हा केबलवाल्याने दिलेला गठ्ठा तसाच घेऊ नका. सह्याद्री मोफत आहे, ती यादीत वर आणून ठेवा.

आणि एखादा सीन आवडला तर वाहिनीला कळवा, सीनचं वर्णन करून कळवा. मेथीच्या त्या सीनबद्दल परळहून एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं होतं. ते आलं तेव्हा अपहरणाचा ट्रॅक सुरू होऊन दहा दिवस झाले होते. पुढच्या बैठकीला मी ते घेऊन गेले, टेबलावर ठेवलं, सगळ्यांनी वाचलं. त्या मालिकेत नंतर आणखी दोन शांत सीन मला लिहू दिले.

तुम्ही स्वतः आता मालिका बघता का?

बघते, सासूबाईंबरोबर, रात्री साडेआठची. ब्रेक लागला की आम्ही आवाज बंद करतो आणि पुढे काय होणार ते त्या सांगतात.